लिव्हरला प्राइमर

२ फेब्रुवारी

सूनबाई,

ख्यालीखुशाली विचारत नाही. तू बरी असशीलच. नसतीस तर तुझ्या आईने एव्हाना फोन करून मला चार शब्द ऐकवले असते.

पत्र लिहितेय, कारण फोनवर मी ओरडते असं तूच म्हणायचीस. कागदावर ओरडता येत नाही. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. चौथीनंतर माझ्या हातातली पाटी गेली आणि रंगाऱ्याचा ब्रश आला, तो अजून आहे.

तुझ्या नवऱ्याला टीबी झालाय. नवराच म्हणते, कारण तुम्ही दोघांनी अजून काही मोडलेलं नाही, नुसतं दोन गावांत राहताय. ते तुमचं तुम्ही बघा. खोकत होता कधीपासून. आम्हाला वाटलं धूळ. भिंत घासायला घेतली की सगळेच खोकतात, मीही खोकते. मग एक दिवस बेसिनमध्ये लाल दिसलं. हा घुम्या नळ सोडून ते धुऊन टाकत होता, मला न सांगता. मानगूट धरून दवाखान्यात नेला.

आता रोज मूठभर गोळ्या. दवाखान्यातल्या औषधवाल्या ताई देतात आणि वर दम देतात, एकही चुकवायची नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या लिव्हरला जड असतात, डोळे पिवळे झाले किंवा अन्न जाईना तर लगेच या. गोळ्या सुरू झाल्यापासून रोज सकाळी ओकतो. शिडीवर पाय लटपटतात. परवा रंगाचा डबा हातातून सुटला, खाली मी होते. केस अजून निळे आहेत.

तेव्हा मला तुझे उंदीर आठवले. इथे होतीस तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचीस. एकदा फोटो दाखवलेस. एका उंदराचं लिव्हर औषधाने नासलेलं, ओल आलेल्या भिंतीसारखं, पोपडे धरलेलं. दुसऱ्याचं गुळगुळीत. दुसऱ्याला तू पानांचा रस पाजला होतास. म्हणालीस, आई, पानात एक पिवळा रंग असतो, तो लिव्हरला सांभाळतो. त्याचं नाव फ्लॅव्हो असं काहीतरी, पुढचं माझ्या जिभेवर बसत नाही. आणि पान कुठलं, तर भिंतीच्या बुडाशी उगवणारं ते बारीक पानांचं तण, जे बाहेरची भिंत धरण्याआधी मी जन्मभर उपटून फेकत आले. मी तेव्हा म्हटलं होतं, काम चांगलं केलंस. मी उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही, हे तुला माहीत आहे.

तर ते पान किती आणि किती दिवस द्यायचं, एका ओळीत कळव. यायची गरज नाही. मी लिहिलंय हे त्याला कळू देऊ नकोस.

आई
(तुझी नव्हे, त्याची)


१५ फेब्रुवारी

सूनबाई,

एका ओळीत कळव म्हटलं होतं. चार पानं पाठवलीस, वर एक तक्ता. चष्मा पुसून पुसून वाचलं. माझ्या डोक्यात शिरलं ते एवढंच की देऊ नका, उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

ते मलाही माहीत आहे गं. पण मग सांग, माणसाला द्यायचं नाही तर उंदरांची लिव्हरं वाचवून करायचंय काय? उंदीर काय तुझे सोयरे लागतात? तू म्हणतेस, अजून पुष्कळ तपासायचंय, माणसांवर नीट पाहिलेलं नाही, किती दिलं तर सोसतं ते ठाऊक नाही. तपासा की. कोण नको म्हणतंय? पण ओकणारा माझ्या घरात आहे, आणि तो आज ओकतोय.

असो. तू नको म्हणालीस म्हणजे नको. विषय संपला.

एक आपलं सहज विचारते. तुझ्या तक्त्यात उंदरांना रस आधी दिलेला दिसतो आणि औषध नंतर. म्हणजे आमच्यासारखंच झालं. भिंतीला आधी प्राइमर, तो मुरू द्यायचा, मग रंग. प्राइमर ओला असताना रंग ओढला की दोन्ही वाया. मी नवीन माणसाला कामावर घेते तेव्हा पहिली शिकवण हीच देते. तुमच्यातही तसंच ना? आधी एक, ते बसलं की मग दुसरं? सहज विचारलं.

घुम्या बरा आहे. उलट्या थांबल्या. सकाळी चहा-ब्रेड खातो आणि पोटात ठेवतो. गोळ्यांचा त्रास एकदम गेलाच म्हण ना. खोकला आहे, संध्याकाळी अंग थोडं कोमट लागतं, पण आम्ही सध्या एका शाळेचे वर्ग घासतोय, धूळ आहेच.

तुझी आठवण काढतो का असं तू विचारलेलं नाहीस, त्यामुळे सांगत नाही.

पातेलं उतू जातंय. थांबते.

आई

ता.क. पानं उन्हात वाळवलेली चांगली की सावलीत? हेही सहजच.


२ मार्च

सूनबाई,

चहाडी करायला कुठल्या कॉलेजात शिकवतात? मला उत्तर नाही आणि परस्पर दवाखान्यात फोन! ताई म्हणाल्या, 'गोळ्यांचा त्रास एकदम गेला' या माझ्या ओळीवरून तुला संशय आला. म्हणे, त्या गोळ्यांचा त्रास असा रातोरात जात नाही, गोळ्याच पोटात जात नसल्या तरच जातो. एवढे उन्हाळे-पावसाळे पाहिलेली बाई मी, आणि माझ्याच हाताने लिहून पकडली गेले.

ताई थेट घरी आल्या. आम्ही जेवत होतो. बूटसुद्धा काढले नाहीत.

"गोळ्या दाखवा."

"कपाटात आहेत," मी म्हटलं. "तुम्ही बसा तर. पाणी घ्या."

"पाणी नको. कपाट उघडा."

उघडलं. सगळी पाकिटं जशीच्या तशी. ताईंनी एक उचललं, उजेडात धरलं आणि घुम्याकडे वळल्या. "काय हो, हे शोभेला ठेवलंय? मध्येच सोडलं की तो जंतू शहाणा होतो, कळतं का? मग या गोळ्यांना तो भीक घालत नाही. मग आम्ही तुम्हाला काय द्यायचं, लिमलेटच्या गोळ्या?"

तो ताटात बघत बसला.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात हा म्हणाला, "मीच."

"का?"

"कंटाळा आला."

जन्मला तेव्हासुद्धा दोन चापट्या खाल्ल्यावर एकदाच रडला आणि गप्प झाला, असा हा माणूस. विचारलं तर अर्धं उत्तर, नाही विचारलं तर तेही नाही. तो ताईंसमोर स्वतःहून बोलला आणि बोलला ते धादांत खोटं. ताईंनी त्याला असा झाडला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. मी काही म्हटलं नाही. पोरगा एकदाचा बोललाय, आपण कशाला खोडून काढा?

ताईंनी थुंकी तपासून घेतली. सुदैवाने जंतू अजून जुन्याच गोळ्यांना घाबरतो. आता रोज सकाळी ताईंसमोर उभा राहून गिळतो, तोंड उघडून दाखवतो.

तू काळजी करू नकोस. जे व्हायचं ते चांगल्यासाठीच झालं. मधल्या दिवसांत भिंत नीट तयार झाली आहे, आता रंग चढायला हरकत नाही. संध्याकाळचा पानांचा एक हात मी चालू ठेवलाय, पातळ. म्हणजे आपलं पातळ.

आई


२४ मार्च

सूनबाई,

त्याचे डोळे पिवळे झाले.

मी रंगातली बाई. गिऱ्हाइकाने नुसतं 'पिवळा' म्हटलं तर मी विचारते, कुठला? सायीचा, लिंबाचा, वाळल्या गवताचा? हा पिवळा मी कुठल्याही डब्यात पाहिलेला नाही. काम चालू होतं, तो खिडकीच्या उजेडात वळला आणि मला दिसला. ब्रश बादलीत टाकला आणि रिक्षा थांबवली. हात धुवायलाही थांबले नाही.

वॉर्डात ठेवलाय. गोळ्या सगळ्या थांबवल्यात. अन्नाचं नाव काढू देत नाही. अंगाला खाज सुटते म्हणून रात्रंदिवस खाजवतो, दंडावर ओरखडे उठलेत.

तुझं पत्र त्याच दिवशी आलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. तू लिहिलंस: 'आई, लिव्हर म्हणजे भिंत नव्हे. लिव्हर म्हणजे रंगारी. पोटात येईल तो प्रत्येक डबा त्यालाच उपसावा लागतो. गोळीचाही त्यालाच आणि तुमच्या काढ्याचाही त्यालाच.' लिहिलंस की मी उंदरांना थेंब मोजून दिले, आणि तेही धडधाकट उंदरांना, तुम्ही पातेलंभर आटवलंत आणि आजारी माणसाला पाजलंत, त्यात त्या पिवळ्या रंगाशिवाय आणखी काय काय उतरलं ते मलाही सांगता येणार नाही.

हे पहिल्याच पत्रात असं का नाही लिहिलंस गं? तक्ते कसले पाठवतेस! रंगारी म्हटलं असतंस तर मला तिथल्या तिथे कळलं असतं. एका रंगाऱ्याला छत चालू असताना कुणी आणखी दोन खोल्या दिल्या तर तो शिडीवरून पडणारच. आणि जाड प्राइमर सोलून निघतो, हे काय मला कुणी सांगायला हवं?

आता पुढचं ऐक. डॉक्टरीणबाईंनी त्याला माझ्यादेखत विचारलं, "या गोळ्यांशिवाय आणखी काही घेत होता का? झाडपाला, पावडर, कुणी दिलेलं काही?"

त्याने मान हलवली. नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला पाठीशी घालतोय, मूर्ख.

त्यामुळे बाईंचा समज असा की सगळा दोष गोळ्यांचा. त्यातली जी सगळ्यात जबर गोळी आहे, तिच्यावरच त्यांना संशय आहे. ती कायमची काढणार म्हणतात. मग तिच्या जागी दुसरं हलकं औषध, इंजेक्शनं, आणि उपचार लांबणार कितीतरी. तेही सोसलं तर.

तू लिहिलंस, काढ्याचं आजच्या आज डॉक्टरांना सांगा, नाहीतर उद्या लिव्हर बिघडलं तर दोष गोळ्यांवर जाऊन त्याची कामाची गोळी फुकट जाईल. काढा बंद केलाय. सांगायचं राहिलंय. सांगितलं तर त्याला चारचौघांत खोटा पाडल्यासारखं होईल, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला लाज वाटते. ताई तिथे असतात, त्यांनी माझ्या घरात त्याला झाडला आणि मी वाढत बसले होते.

उद्या जाते.

आई


२६ मार्च

सूनबाई,

सांगून आले.

पानांची जुडी घेतली, पातेलंही घेतलं. तोंडाने माप सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. बाई खाटेजवळ कागद बघत होत्या, ताई शेजारी. मी पातेलं खाटेवर ठेवलं.

"आजी, बाहेरचं खायला आणायचं नाही असं सांगितलंय ना?"

"खायला नाही. हे त्याला मी पाजत होते. आधी गोळ्या थांबवून, नंतर गोळ्यांसोबत. गोळ्या मीच थांबवल्या, त्याने नाही."

घुम्या उशीवरून उठला. "आई, गप."

"तू गप! जन्मभर गप्प बसलास ते बसलास, आता कंठ फुटलाय होय?"

ताई माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, आता पातेलंच उचलून घालतात डोक्यात. बाईंनी मात्र कागद बाजूला ठेवला.

"किती द्यायचात?"

"हे भरून पाणी, वर ही जुडी. आटवून पाव. रोज."

"आणि पीत होता तो? चव कशी होती?"

"मी नाही बघितली चव," मी म्हटलं.

"कडू," घुम्या म्हणाला. सगळ्या त्याच्याकडे वळल्या. "कडूजहर. तळपायाची आग मस्तकात."

ताईंना इतका राग आला होता तरी त्या फस्सकन हसल्या. मग मला म्हणाल्या, "आणि त्या दिवशी मी यांना एवढं बोलले, तुम्ही खुशाल आमटी वाढत होतात!"

"वाढत होते," मी म्हटलं. "आता मला बोला."

बोलल्या. चांगलं बोलल्या. मी ऐकून घेतलं.

बाईंनी विचारलं, "आम्ही परवा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही त्याला विचारलंत. पाजणारी मी, मी तिथेच उभी होते. मला कुठे विचारलंत?"

त्यावर त्या म्हणाल्या, "खरंय. यापुढे घरातल्यांनाही विचारीन." पोर साधी आहे. मग नीट समजावलं. दोष काढ्याचा, गोळीचा की दोघांचा मिळून, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण काढा होता हे कळलं, म्हणजे ती जबर गोळी ते आत्ताच हद्दपार करणार नाहीत. लिव्हर शांत झालं की एकेक गोळी परत सुरू करायची आणि मध्ये रक्त तपासत जायचं.

"म्हणजे कोपऱ्यात नमुन्याचा हात मारून बघायचा," मी म्हटलं.

"अगदी तसंच."

ताई म्हणाल्या, "पण ही पानं तुमच्या सुनेच्याच अभ्यासातली म्हणे? मग तिने तरी..."

"तिने नकोच म्हटलं होतं," मी म्हटलं. "चार पानं भरून. तिचा अभ्यास तिच्या जागी बरोबर आहे. पातेलं माझं."

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. कुणी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.

परत निघाले तर घुम्याने पदर धरला. लहानपणी धरायचा तसा. म्हणाला, "तिला लिहितेस ना?" मी म्हटलं, तुला काय करायचंय. तर म्हणाला, "पत्रं लपवायची तर प्राइमरच्या डब्यात नको ठेवूस. तो डबा रोज मीच उघडतो." सगळी वाचलीत त्याने, तुझीही आणि पोस्टात टाकण्याआधी माझीही. घुम्या कसला, चोर आहे.

आई


३० एप्रिल

सूनबाई,

डोळे पांढरे झाले. आधी जेवायला लागला, मग खाज गेली, मग डोळे. बाईंनी ठरल्याप्रमाणे एक गोळी सुरू केली. रक्त ठीक. दुसरी. रक्त ठीक. शेवटी ती जबर गोळी राहिली. ती दिली त्या दिवसापासून मी त्याच्या डोळ्यांत इतक्या वेळा बघितलं की तो म्हणाला, "आई, लग्न जमवतेयस का माझं?" मी म्हटलं, झालंय ते, विसरलास का.

रिपोर्ट घ्यायला मीच गेले. बाईंनी वाचला, पान उलटलं, परत वाचला. माझा जीव टांगणीला. "राहिली," म्हणाल्या. "गोळी राहिली. सोसतेय त्याला." मला तिथे बसावं लागलं. कुणाची तरी खुर्ची होती, तो माणूस उभाच राहिला बिचारा. थुंकीही साफ आलीय. आता कुणाला लागायची भीती नाही म्हणतात. पण गोळ्या अजून बरेच महिने, एकही न चुकवता.

तू मागितलीस ती उरलेली पानं पार्सलने पाठवलीत. त्यात काय काय सापडतं ते शोध. शोधलंस की मला कळव, या वेळी तक्त्याशिवाय. आणि सोडू नकोस ते काम. ज्याला असल्या गोळ्या गिळायच्याच आहेत, त्याच्या लिव्हरला कुणीतरी हात द्यायला हवा. पण तो मोजून, तपासून, तुझ्यासारखीने. पातेल्याने नव्हे.

तुझ्या मागच्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं: 'याच गोळ्या इथल्या दवाखान्यातही मिळतात, नाव तिकडून इकडे बदलून घेता येतं.' मी त्याच्यावर काही बोलले नाही. ते पान त्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि कामावर गेले. संध्याकाळी आले तर हा दवाखान्यात जाऊन ताईंकडून बदलीचा कागद घेऊन बसलेला. मी विचारलं, कितीला गाडी? म्हणाला, परवा सकाळी. मी त्याला पाठवत नाहीये, हे ध्यानात ठेव. तो निघालाय.

माझी काळजी करायची नाही. ताईंची धाकटी बहीण कामाला येते. शिडीवर छान चढते, हात सरळ आहे, पण तोंड बंद होत नाही. मला सवय नाही, कान दुखतात. होईल सवय.

तो दारात उभा राहील आणि काही बोलणार नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि तूही तोंड फिरवू नकोस. पिशवीच्या वरच्या कप्प्यात गोळ्या आहेत. सकाळी उपाशीपोटी, तुझ्यासमोर, पूर्ण ग्लास पाणी. गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला सांग, लाजू नकोस. डोळे उजेडात बघत जा.

तेवढं झालं की मग बसा दोघं आणि काय भांडायचं ते भांडा.

आई